जकात नाका गेला, मग शहराच्या वाढीचा पैसा जातो कुठे?

प्रश्न दोन भागांत विचारला आहे. केंद्र आणि राज्य सरकारच्या करांचा नि खर्चाचा शहराच्या अर्थकारणावर नेमका परिणाम कसा होतो, हा पहिला. पुण्या-मुंबईसारखी शहरं डोळ्यांदेखत फुगत असताना महापालिका कायम ‘निधी नाही’ असं का सांगते, हा दुसरा. माझी उमेदीची वर्षं महापालिकेच्या लेखा विभागात गेली आणि अजूनही काही नगरपरिषदांची अंदाजपत्रकं तपासून देतो, म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. तिजोरीचं कोडं सुटलं की बाकीचं बरंचसं उलगडतं. उदाहरणं महाराष्ट्रातलीच घेतो, माझा हात त्यातच बसलेला आहे.

आज विशीत असलेल्यांनी चालू जकात नाका, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेचा कर वसूल करायची चौकी, जवळून पाहिलाच नसेल. मुंबईच्या वेशीवर पाच मोठे नाके होते: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि मानखुर्द. ट्रक रांगेत लागायचा, चालक किंवा नाक्यावरचा दलाल बिलं घेऊन खिडकीशी जायचा, कारकून मालाचा प्रकार बघून दर लावायचा, पैसे भरले की पावती फाटायची. माल शहरात उतरणार नसेल, नुसता पलीकडे जाणार असेल, तर एस्कॉर्टचं वेगळं शुल्क. रांगेत उभ्या उभ्या डिझेल जळायचं. बिलात किंमत कमी दाखवणं, भारी मालाला हलक्या मालाचं नाव देणं, आडवाटेनं गाडी आत घालणं, सगळं चालायचं. जकात हा वाईट कर आहे यावर अर्थशास्त्री, व्यापारी आणि ट्रकवाले यांचं कधी नव्हे ते एकमत होतं. ते बरोबरच होतं.

तरी त्या करात एक गुण होता, आणि तो गेल्यावरच आम्हाला नीट कळला. शहरात माल जास्त आला की महापालिकेकडे पैसा जास्त यायचा, तोही त्याच दिवशी. दिवाळीआधी भरणा वाढायचा, लगीनसराईत वाढायचा, कारखान्यात संप झाला की पडायचा. रोजचा भरणा पाहून मुख्य लेखापालाला शहराची तब्येत कळायची. कर लावणारी, वसूल करणारी आणि खर्च करणारी संस्था एकच होती. मंत्रालयातून आदेश निघेपर्यंत थांबायची गरज नव्हती.

मग टप्प्याटप्प्यानं हे बदललं. नवी मुंबईनं १९९६ पासूनच नाक्यांऐवजी व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांवर आधारलेला उपकर घ्यायला सुरुवात केली होती. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि त्यांना राज्याचं अनुदान सुरू झालं. २०१० पासून एकेका महापालिकेत स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला; एप्रिल २०१३ मध्ये तो पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर अशा मोठ्या महापालिकांत पोचला. नाके उठले, पण व्यापारी भडकले. महापालिकेचा माणूस दुकानात येऊन वह्या तपासणार ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. त्या वर्षीचा एप्रिल-मे बंद आणि मोर्च्यांत गेला. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांना एलबीटी माफ झाला, म्हणजे जवळजवळ सगळ्या दुकानदारांना. मुंबईची जकात तेवढी तग धरून राहिली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि तीही संपली.

जीएसटीसाठी जी १०१ वी घटनादुरुस्ती झाली, तिनं राज्य सूचीतली ५२ वी नोंद काढून टाकली. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर लावायचा अधिकार त्या नोंदीत होता. म्हणजे जकात नुसती बंद झाली नाही, ती परत आणायचा रस्ताही बुजला. बदल्यात महाराष्ट्रानं स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा कायदा २०१७ मध्येच केला: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दर वर्षी आठ टक्के चक्रवाढ. इतर राज्यांच्या मानानं हा कायदा उजवा आहे, हे कबूल करायला हवं. बऱ्याच ठिकाणी महापालिकांच्या हातात एवढं लेखी काही पडलं नाही.

जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला पहिल्या महिन्याचा धनादेश मिळाला ६४७.३४ कोटींचा. त्याचा उलटा हिशेब करून बघा. बारानं गुणलं की ७,७६८ कोटी. त्यातून आठ टक्क्यांची वाढ काढली की सुमारे ७,१९० कोटी. जकातीचं आदल्या वर्षाचं उत्पन्न साधारण एवढंच होतं. आठ टक्के चक्रवाढीनं रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते, म्हणून २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई १४,३९८ कोटींवर पोचलेली दिसते. कुणी म्हणेल, मग अडलं कुठे?

अडलं ते त्या ‘आठ’मध्ये. राज्यांनी जीएसटीला होकार देताना केंद्राकडून पाच वर्षं दर साल चौदा टक्के वाढीची हमी घेतली होती. शहरांना खाली दिली आठाची. पण माझा खरा आक्षेप दराला नाही. आठ हा आकडा शहराला ओळखतच नाही. शहरात चार नवे कारखाने आले तरी आठ, दोन बंद पडले तरी आठ. शहरात उलाढाल वाढवली म्हणून महापालिकेला जास्त मिळत नाही आणि वाऱ्यावर सोडली म्हणून कमी मिळत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी नाक्यांचा भक्त आहे असं वाटायचं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती. जकात असती तर भरणा मातीमोल झाला असता, आणि नेमके त्याच वेळी महापालिकांना करोना केंद्रं उभी करायची होती. कायद्यात लिहिलेल्या भरपाईनं तेव्हा हात दिला. पडत्या काळात ती आधार आहे, चढत्या काळात मात्र शहराला आपल्याच वाढीचा वाटा मिळत नाही. राज्याची तिजोरी ओढाताणीत असली की हप्ता कधी येईल याची काळजी वेगळीच.

आता शहराच्या अर्थकारणाकडे वळू. यात करांचा सर्वांत जोरकस परिणाम मी पाहिला तो पिंपरी-चिंचवडला. ही महापालिका मोटार उद्योगाच्या जोरावर श्रीमंत झाली. कारखान्यात येणारं पोलाद, सुटे भाग, रंग, सगळ्यावर जकात. कारखानदार कुरकुर करायचे पण भरायचे, कारण सुटे भाग पुरवणारा इथला वेंडर, इथला कुशल फिटर त्यांना दुसरीकडे मिळत नव्हता. मग केंद्रानं जानेवारी २००३ मध्ये उत्तराखंड आणि हिमाचलमधल्या नव्या कारखान्यांना दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं. तेव्हा उत्पादन शुल्क सोळा टक्क्यांच्या घरात होतं. एका मोटारसायकलीवर सोळा टक्के वाचणार असतील तर उत्तराखंडातल्या पंतनगरच्या शेतात कारखाना उभारणं कुणालाही परवडतं. बजाज आणि टाटा मोटर्स दोघेही २००७ च्या सुमारास पंतनगरला गेले. टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी २००५ मध्ये पुण्यातून बाजारात आली होती, तिचं उत्पादन तिकडे हललं. बजाजनं २००७ मध्येच आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबवलं, आणि तिकडची करमाफी व इकडची जकातीसकट महागाई यांची तुलना तेव्हा उघडपणे झाली.

त्या काळात भोसरीत एक ओळखीचे वर्कशॉपवाले होते. चार लेथ, दोन प्रेस, एका मोठ्या कंपनीला ब्रॅकेट पुरवायचे. त्यांना निरोप आला की पुरवठा चालू ठेवायचा असेल तर पंतनगरजवळ शेड घ्या. थोरल्या मुलाला तिकडे पाठवलं, दोन प्रेस हलवल्या, इथले निम्मे कामगार कमी केले. त्या कामगारांच्या खोल्या रिकाम्या झाल्या, खाणावळ बंद झाली, समोरच्या किराणावाल्याची उधारी बुडाली. दिल्लीतली एक अधिसूचना भोसरीच्या गल्लीत कशी उतरते ते असं. शिवाय महापालिकेचा जकातीचा भरणाही घटला. त्या निर्णयात महापालिकेला कुणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतच नाही.

पुढं पुण्याजवळच्या चाकणनं बरंच भरून काढलं. कारखाना कुठे उभा राहतो यात राज्याचं धोरणही असतंच. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे. पुण्या-मुंबईचा विकसित पट्टा सवलतींबाहेर आणि मागास भाग जास्त सवलतीत, अशी तिची रचना. औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला तो याच वाऱ्यावर. त्याच्या मागे वेंडर आले, वेंडरांमागे वसाहती आल्या आणि शहराचा तोंडवळा बदलला. करसवलतीनं शहर घडतं आणि करसवलतीनंच दुसरं शहर सुकतं. फरक एवढाच की वाळूजला आधी एमआयडीसीनं रस्ते, पाणी, भूखंड दिले होते. नुसत्या करमाफीवर आलेला उद्योग माफीची मुदत संपली की पुढचं कुरण शोधतो.

हिंजवडीचं प्रकरण याहून मजेशीर आहे. सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावरचा आयकर केंद्रानं माफ केला होता; ती सवलत मार्च २०११ मध्ये संपली, पुढे सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, नव्या घटकांना ती मार्च २०२० पर्यंत मिळाली. जमीन आणि आतले रस्ते एमआयडीसीचे, घरपट्टी ग्रामपंचायतीची, कारण हिंजवडी अजून कुठल्याच महापालिकेत नाही. तिथं काम करणारी माणसं राहतात वाकड, बाणेर, बालेवाडीला. म्हणजे पाणी, कचरा, सांडपाणी, सकाळचा ट्रॅफिक जॅम हे दोन महापालिकांच्या गळ्यात. त्या पगारांवरचा आयकर केंद्राकडे, खरेदीवरचा जीएसटी केंद्र-राज्याकडे. पुणे महापालिकेला यातून मिळतं काय? त्या माणसांनी घेतलेल्या फ्लॅटचा मिळकतकर, म्हणजेच मालमत्ता कर, आणि त्या इमारतीच्या परवानगीचं विकास शुल्क. संपलं. सेझच्या सवलतीची मुदत संपल्यावर रिकामे पडलेले मजले केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये सेझमधून वेगळे काढू दिले. तोही निर्णय शहराच्या बाहेरच झाला.

पगाराच्या पावतीवरून एक गोष्ट दाखवतो, ही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या पावतीवर व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात ही कमाल मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. पस्तीसेक वर्षांत पगार कितीतरी पटींनी वाढले, पण हा आकडा हलला नाही. तमिळनाडू, केरळमध्ये हा कर स्थानिक संस्थांना मिळतो. आपल्याकडे १९७५ चा कायदा झाला तोच रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी, म्हणून कर राज्याकडे जातो. त्यामागचा हेतू उमदा होता: शहरातल्या नोकरदारानं दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं. मी त्याच्या विरोधात नाही. पण घटनेत जो एक कर थेट शहरातल्या कमावत्या माणसांच्या संख्येशी जोडलेला आहे, तोही इथे महापालिकेकडे नाही, हे हिशेबात धरायलाच हवं.

मग महापालिकेकडे उरतं काय? मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि जमीन. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अठरा कामांची यादी दिली, पण करांची यादी दिली नाही. कोणता कर लावू द्यायचा ते राज्यानं ठरवायचं. राज्य ठरवतंही. आणि फिरवतंही.

पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत होती, १९७० च्या ठरावापासून. लेखापरीक्षणात आक्षेप आला, पुढे राज्यानं ती रद्द केली, हजारो लोकांना फरकाच्या रकमेची बिलं गेली, बोंबाबोंब झाली, आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. मग पीटी-३ नावाचा अर्ज भरून ‘मी इथंच राहतो’ हे सिद्ध करण्यासाठी लोक क्षेत्रीय कार्यालयात रांगा लावून उभे. मुंबईत जानेवारी २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर राज्यानं माफ केला. महापालिकेचे वर्षाला चारशे कोटींहून जास्त गेले. घोषणेच्या टाळ्या एकाला, खड्डा दुसऱ्याच्या तिजोरीत. त्याच सुमारास पंधराव्या वित्त आयोगाची अट आली की शहरांना अनुदान हवं असेल तर मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या बरोबरीनं वाढली पाहिजे. दिल्ली म्हणते वाढवा, मंत्रालय म्हणतं माफ करा, मधला उपायुक्त दोन्ही पत्रं एकाच फाइलला लावतो. त्यात २०२२ पासून मोठ्या महापालिकांवर प्रशासक बसले आणि निवडणुका लांबत गेल्या. दरवाढीचा ठराव करायला सभागृहच नव्हतं.

जमिनीच्या पैशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आज शहराचा चेहरामोहरा त्यानंच ठरतो आहे. जादा चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते क्षेत्र), जिना-लिफ्टचं क्षेत्र, मोकळ्या जागेतली सूट अशा गोष्टींसाठी बिल्डर अधिमूल्य भरतो. बोलताना सगळे त्याला प्रीमियमच म्हणतात. राज्यानं जानेवारी २०२१ मध्ये, करोनाची मंदी हटवायला, हे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मं केलं. अट अशी की सवलत घेणाऱ्या बिल्डरनं घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. मग काय, मुदत संपायच्या आत पैसे भरायला झुंबड उडाली. पुढं लागणारं चटईक्षेत्रही बिल्डरांनी आधीच घेऊन ठेवलं. मुंबई महापालिकेनं त्या वर्षी विकास नियोजनाच्या खात्यात दोन हजार कोटी धरले होते. सुधारित अंदाज गेला चौदा हजार कोटींच्या वर. कागदावर हे घवघवीत यश. माझ्या मते हा पुढच्या वर्षांचा पैसा निम्म्या भावात आधी उचलणं होतं. एकदाच येणारा पैसा खर्चाला लागला की त्यातून कायमचे खर्च जन्माला येतात: रस्ता झाला की दिवे, दिवे लागले की वीजबिल, उद्यान झालं की माळी आणि सुरक्षारक्षक. पुढच्या वर्षी प्रीमियम आटतं, माळ्याचा पगार नाही आटत.

शिवाय हित कुठे बांधलं जातं ते बघा. महापालिकेचं उत्पन्न चटईक्षेत्रावर अवलंबून असेल तर ती जास्त मजले मंजूर करणार, त्या मजल्यांना पाणी पुरेल की नाही हे नंतर बघणार. बाणेर-बालेवाडीतल्या सोसायट्यांच्या दारात टँकरच्या रांगा उगाच लागत नाहीत.

मुद्रांक शुल्काचंही तसंच. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ते तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी उतरवलं, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयांत उभं राहायला जागा नव्हती. एकट्या मुंबईत त्या महिन्यात एकोणीस हजारांहून जास्त दस्त झाले. घरांच्या धंद्याला तेव्हा खरंच जीव आला: रंगारी, सुतार, मॉड्युलर किचनवाला, टेम्पोवाला सगळ्यांना काम मिळालं. सवलत कामाची होती, कारण ती ठरावीक मुदतीची होती आणि मंदीत दिली होती. तेजीत दिली असती तर भावांनी गिळली असती.

खर्चाच्या बाजूबद्दल लोकांचा समज असा की सरकारनं शहरात हजार कोटी ओतले म्हणजे शहराचं हजार कोटींनी भलं झालं. केंद्राची नेहरू पुनरुत्थान योजना डिसेंबर २००५ मध्ये आली. पुण्याच्या गटातल्या शहरांना केंद्र पन्नास टक्के, राज्य वीस, महापालिका तीस; मुंबईच्या गटाला केंद्र पस्तीस, राज्य पंधरा आणि पन्नास टक्के महापालिकेचे. त्यातून बस आल्या, बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचे, रस्ते झाले, जलशुद्धीकरण झालं. पैशाबरोबर अटीही आल्या, आणि काही अटी पैशापेक्षा मोलाच्या ठरल्या. दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब आम्ही त्याच धाकानं सुरू केले. तोवर महापालिकेला आपली मालमत्ता किती नि देणी किती हे ठामपणे सांगता यायचं नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रानं २००७ मध्ये रद्द केला, तोही याच योजनेच्या अटीत होता.

केंद्र बांधायला पैसा देतं, चालवायला देत नाही, आणि नेमका तिथंच घोडं अडतं. बस केंद्राच्या, चालकाचा पगार आणि तोटा आपला. स्मार्ट सिटीत २०१५ पासून शहरामागे केंद्राचे पाचशे कोटी आणि तेवढेच राज्य नि महापालिकेचे. काम वेगळ्या कंपनीकडून. मार्च २०२५ मध्ये अभियान संपलं आणि कॅमेरे, नियंत्रण कक्ष, स्मार्ट रस्ते यांची देखभाल महापालिकेच्या खर्चात आली. उशिराचा खर्च तर कुणी मोजतच नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी ९९० कोटींचा, अकरा केंद्रांचा प्रकल्प २०१६ च्या सुरुवातीला मार्गी लागला, केंद्राचा वाटा पंचाऐंशी टक्के; प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडलं. सहा वर्षांत सिमेंट-लोखंडाचे भाव थांबत नाहीत.

केंद्राच्या एका छोट्या प्रोत्साहनाचं मात्र मी कौतुक करतो. पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी दोनशे कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. शंभर कोटींच्या रोख्यांमागे तेरा कोटी केंद्र देणार होतं, त्यामुळे पुण्याला सव्वीस कोटी मिळाले. रक्कम किरकोळ, पण त्यासाठी महापालिकेला पतमानांकन घ्यावं लागलं, हिशेब वेळेत छापावे लागले, परतफेडीसाठी मिळकतकराचा पैसा वेगळा काढावा लागला. सरकारी अनुदान घेताना कुणी एवढं खोलात विचारत नाही. रोख्यांच्या पुढच्या पायऱ्या रखडल्या, कारण जलवाहिन्यांची कामंच रखडली. उसना पैसा आणून बँकेत ठेवण्यात काय अर्थ?

आता लाडक्या बहिणीबद्दल विचारणा होणारच, म्हणून तेही. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये. योजना जाहीर करताना वर्षाचा खर्च धरला होता ४६,००० कोटींचा. हा पैसा साठून राहत नाही. तो किराणा, औषधं, शाळेची फी, गॅस यांत महिन्याच्या आत खर्च होतो आणि लहान शहरांच्या बाजारपेठेला ते जाणवतं. पण राज्याची तिजोरी एकच आहे. रस्ते-इमारती-पाण्याच्या कामांची बिलं थकल्यानं कंत्राटदार संघटनांना २०२५ मध्ये आंदोलनं करावी लागली. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. मात्र कंत्राटदाराचं बिल अडकलं की खडी क्रशर, डंपरवाला, सेंटरिंगचे मजूर, लोखंडाचा दुकानदार असे ओळीनं सगळे अडकतात, आणि ही माणसंही शहरातच खरेदी करतात. शिवाय बहिणीनं बाजारात खर्च केला म्हणून वाढलेला जीएसटी कुणाला मिळाला? केंद्र-राज्याला. महापालिकेला तेच आठ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आला, चाकण-पिंपरीत पाळ्या वाढल्या, ओव्हरटाइम मिळाला. कामगारांचं भलं झालं, ते चांगलंच. गाडी मात्र पाटण्यात विकली गेली तर राज्याच्या वाट्याचा कर बिहारला जातो, आणि तिचे सुटे भाग वाहणाऱ्या ट्रकांनी फोडलेला रस्ता पिंपरी-चिंचवडनं दुरुस्त करायचा.

तुम्हाला यावर करण्यासारखं काही आहे का? आहे. आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर मिळतं. त्यातलं आयुक्तांचं भाषण सोडून द्या, महसुली जमेचं पान काढा. जीएसटी भरपाई, मालमत्ता कर आणि विकास शुल्क-प्रीमियम यांचे तीन आकडे एकूण महसुली उत्पन्नाच्या किती टक्के आहेत ते मांडा. मग मालमत्ता कराची मागणी, वसुली आणि थकबाकी वेगवेगळी बघा. मागणीत जुनी थकबाकी मिसळून आकडा फुगवायची सवय जुनी आहे. पिंपरी-चिंचवडला अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीची रक्कम कित्येक वर्षं अशीच येणं म्हणून दिसत होती, ती २०२३ मध्ये माफ झाली. त्यानंतर भांडवली खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर ठेवा. चालू वर्षाचा नको, दोन वर्षांपूर्वीचा, कारण प्रत्यक्ष आकडे तेवढे उशिरा येतात. प्रीमियमचा वाटा मालमत्ता करापेक्षा मोठा असेल आणि पगार-निवृत्तिवेतन-वीजबिल मिळून भरपाईच्या पुढे गेलेलं असेल, तर तुमच्या प्रभागातल्या नव्या पाण्याच्या टाकीची तारीख नगरसेवकाला विचारू नका. नगररचना विभागात या वर्षी किती मोठे बांधकाम नकाशे मंजुरीला पडून आहेत ते विचारा.